विचारणारी नर्स

माझी भाची जीएनएमचा ३ वर्षांचा कोर्स करून नुकतीच एका रुग्णालयात लागली. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाची औषधे तिच्या एकटीच्या हाती. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच नियम तिला पाठ आहेत. पण औषध काढताना नातेवाईक हाक मारतात, फोन वाजतो, डॉक्टरांचे अक्षर लागत नाही.

इन्सुलिनचेच घ्या. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली बाटली मिळते, १०० युनिटचीही. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी नारिंगी. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने मोजले, तर रुग्णाला अडीचपट मात्रा जाते. म्हणून शंका आली की ती सीनियरला विचारते. "एवढेही येत नाही?" असे उत्तर मिळते.

"मामू, आता विचारावेसेच वाटत नाही," ती म्हणाली.

मला भीती याचीच वाटते. शंका विचारणाऱ्या मुलीला गप्प करणाऱ्या वॉर्डात आपले माणूस सुरक्षित नाही. सीनियरने उत्तर द्यावे. आणि ती औषधे मोजत असेल, तेवढी दोन मिनिटे आपणही तिला हाक मारू नये.