होडी निघाली गाडीने

रत्नागिरीला गेलेला पाहुणा थिबा राजाचा वाडा पाहतो, रत्नदुर्गावरून समुद्र न्याहाळतो आणि हापूसची पेटी घेऊन परततो. आमच्या सौभाग्यवतीचा बेतही तोच होता. पण वैशाखी अमावास्येला मी भाट्याच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभा होतो, आणि तेही मित्राची होडी ट्रेलरवर चढवायला!

होडी सागवानी, इंजिनाची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी; तेव्हा मे सरता सरता होड्या वर काढायच्या. पूर्वी वाडीतले वीस-पंचवीस गडी दोर लावून ओंडक्यांवरून ओढून नेत. आता वाडीतले तरुण मुंबईला, आणि नेपाळी खलाशी हंगाम संपताच आपल्या गावी. शिवाय होडी सुरूच्या बनाखाली ठेवून स्वस्थ निजावं, एवढा समुद्राचा भरवसा मित्राला उरलेला नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ नावाचं अख्खं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागलं, तिथे या होडीचा काय पाड? घरावरचं कर्जही हीच होडी फेडते. म्हणून ती रस्ता ओलांडून थेट घराच्या परड्यात न्यायची होती.

ट्रेलर ठरवायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. जन्मभर हिशेब तपासलेला माणूस मी! लाकूड इतकं, इंजिन इतकं, असं मांडून दोन टनांचा आकडा काढला आणि अडीच टन पेलणारा, एका आसाचा ट्रेलर भाड्याने घेतला. मोठ्याच्या निम्मं भाडं; मी खूश.

भरतीचा हिशेब तांडेलकाकांचा. तिथीची पाऊणपट करायची. अमावास्या म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. उधाणाला पाणी पार वर चढतं, तेवढी वाळूतली ओढ वाचते. ठरल्या वेळी होडी तरंगत ट्रेलरवर आली, ट्रॅक्टरने ओढ घेतली, आणि होडी पाण्याबाहेर येते न येते तोच आस करकरून मधोमध वाकला!

तांडेलकाकांनी होडीच्या बुडावर मूठ आपटली. “लाकूड दहा महिने पाणी पिऊन बसलंय, भाऊ. ते तुमच्या कागदावर आहे?”

नव्हतं. जाळी, नांगर, बर्फाची पेटी, डिझेल, तळात साचलेलं पाणी, यांतलं काहीच नव्हतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे शाळेतलं पोर सांगेल. मित्र एक शब्द बोलला नाही. त्याने बोलायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

पाणी उतरलं असतं तर होडी तिथेच कलंडली असती. ट्रॅक्टर मागे रेटून ती कशीबशी पुन्हा तरंगती केली. पुढची भरती रात्री पावणेबाराच्या सुमारास. दुपारभर आम्ही जाळी उतरवली, डबे भरभरून पाणी उपसलं. दोन आसांचा, पाच टनी ट्रेलर मिळाला. त्याचं भाडं मी दिलं, हे सांगायला नकोच. तो रस्त्यावरून धावत आलेला. तांडेलकाकांनी चाकांच्या तुंब्याला हात लावून पाहिलं आणि तो घटकाभर उभा ठेवला. तापलेलं बेअरिंग गार पाण्यात बुडलं की खारं पाणी आत ओढून घेतं म्हणे. वाळूसाठी टायरमधली थोडी हवाही सोडली.

मग प्रश्न होडी किती पुढे घ्यायची याचा. बैलगाडीसारखंच हे! ओझं मागे गेलं तर गाडी उलाळ होते आणि चालताना शेपूट हलवते. फार पुढे घेतलं तर ट्रॅक्टरच्या हुकाच्या मानेवर बसतं. दहाव्या हिश्श्याइतका भार हुकावर हवा. आणि सगळं वजन कण्यावर. बगलेचे टेकू नुसते तोल सांभाळायला.

ट्रॅक्टरच्या दिव्यांत होडी वर आली. चाकांखाली फळ्या टाकत, उचलत, पुन्हा पुढे टाकत आम्ही ती बनातून रस्त्यावर घेतली. परड्यात पोचलो तेव्हा दोन वाजले होते. वहिनी कंदील घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आधी होडीला हात लावला, मग चहा टाकला. मित्र मात्र विहिरीचं गोडं पाणी शेंदून ट्रेलरची चाकं धूत राहिला.

माझा हिशेबाचा कागद अजून खिशात होता. तांडेलकाकांनी तो विडी पेटवायला मागून घेतला.