अदृश्य फाइलीत कोंडलेली डिस्क

मार्च १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस ६.० बाजारात आणले, तेव्हा त्याचे सर्वांत मोठे आकर्षण होते ‘डबलस्पेस’. घरगुती संगणकात तेव्हा ४० किंवा ८० मेगाबाइटची हार्ड डिस्क असे. आजच्या मोबाइलची वीस-पंचवीस छायाचित्रेही तीत जेमतेम मावतील. नवी डिस्क महाग. अशा वेळी एक आज्ञा द्यावी आणि आहे त्याच डिस्कवर जवळपास दुप्पट ऐवज ठेवावा, या वचनाला माणूस भुलला नसता तरच नवल.

कल्पना मात्र नवी नव्हती. कॅलिफोर्नियातील स्टॅक इलेक्ट्रॉनिक्सचे ‘स्टॅकर’ १९९० पासून हेच करीत होते, आणि त्यामागची युक्ती लेम्पेल व झिव्ह या संशोधकांनी १९७७ मध्ये मांडलेली होती. जुनी कागदपत्रे वाचणाऱ्यांना ती चटकन उमगेल. एकदा गावाचे पूर्ण नाव लिहून झाले की कारकून पुढे नुसते ‘सदरहू गाव’ लिहितो. संगणकही पुन्हा आलेला मजकूर पुन्हा लिहीत नाही. ‘मागे अमुक अंतरावरची इतकी अक्षरे घ्यावी’ एवढीच खूण ठेवतो. पत्रे, हिशेब, प्रोग्राम यांत पुनरुक्ती भरपूर, म्हणून ते आकसतात. आधीच दाबलेल्या झिप फाइलीत पुनरुक्ती उरलेलीच नसते. ती आकसणार कशी?

खरी गंमत, आणि खरा धोका, पुढे होता. डबलस्पेस सगळ्या फाइली दाबून डिस्कच्या मुळाशी एकाच प्रचंड, लपवलेल्या फाइलीत भरीत असे. तिचे नाव डीबीएलस्पेस.०००. वापरणाऱ्याला दिसणारा ‘सी’ ड्राइव्ह हा त्या फाइलीच्या पोटातला देखावा. खरी डिस्क ‘एच’सारखे एखादे अक्षर घेऊन बाजूला उभी असे. कोणता तुकडा कुठे ठेवला, याचा तक्ता त्याच फाइलीत. साध्या डिस्कवर एखादी जागा खराब झाली तर बहुधा एखाद-दुसरी फाइल जाई. इथे तक्ता बिघडला की वर्षभराची पत्रे, दुकानाची खातेवही, अर्धा लिहिलेला प्रबंध, सारेच एकदम हाताबाहेर.

तक्रारी लवकरच सुरू झाल्या आणि सारा दोष डबलस्पेसच्या माथी आला. तो पूर्णपणे न्याय्य नव्हता. स्मार्टड्राइव्ह नावाचा दुसरा प्रोग्राम डिस्कवर लिहायचा मजकूर काही क्षण स्मृतीतच थोपवून धरीत असे. वापरणारा फाइल जतन करी, पडद्यावर नेहमीचे ‘सी’ चिन्ह परतले म्हणजे काम संपले असे समजून वीज बंद करी. ते थोपवलेले लेखन तिथेच विरून जाई, आणि त्यात कधी तक्त्याचा अर्धा बदलही असे. चूक वापरणाऱ्याची म्हणणे हे निर्दयपणाचे ठरेल. चिन्ह परतले म्हणजे काम झाले, हे त्याला डॉसनेच शिकवले होते.

मोकळ्या जागेचा आकडाही फसवा. पुढच्या फाइली किती आकसतील हे आधी कळणे शक्य नसल्याने तो केवळ अंदाज असे. शिवाय दाबलेला प्रत्येक तुकडा सलग जागेतच बसवावा लागे; जागा विखुरलेली असेल, तर शिल्लक दिसत असूनही ‘डिस्क भरली’ असे उत्तर येई. त्यावर उपाय होता डिफ्रॅग, म्हणजे फडताळ रिकामे करून पुन्हा नीट लावणे.

१९९३ च्या अखेरीस आलेल्या ६.२ आवृत्तीने बरेच सावरले. स्मार्टड्राइव्ह आता सारे लेखन उरकल्याविनाच चिन्ह परत देईना. स्कॅनडिस्क दाबलेली डिस्कही तपासू लागले. दाबलेली डिस्क पुन्हा मोकळी करण्याची आज्ञाही प्रथम तेव्हाच मिळाली. आत शिरण्याची वाट आधी बांधली आणि बाहेर पडण्याची नंतर, हे मात्र खटकतेच.

कज्जाही रंगला. स्टॅकने पेटंटभंगाचा दावा केला. फेब्रुवारी १९९४ मध्ये ज्यूरीने त्यांना १२ कोटी डॉलर देवविले, आणि व्यापारी गुपिताच्या प्रतिदाव्यात मायक्रोसॉफ्टलाही १ कोटी ३६ लाख. ६.२१ मधून डबलस्पेस नाहीसे झाले, ६.२२ मध्ये वेगळ्या पद्धतीचे ‘ड्राइव्हस्पेस’ आले. पुढे डिस्का स्वस्त झाल्या आणि गरजच ओसरली.

तरीही माळ्यावरच्या एखाद्या जुन्या यंत्रातून अशी डिस्क आजही निघते. आधुनिक संगणकाला जोडली की ती जवळजवळ रिकामी दिसते: डॉसच्या चार फाइली आणि एक अगम्य, अवाढव्य फाइल. जाणकार आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढतात आणि त्या प्रतीवरच जुने डॉस चालवून, स्कॅनडिस्कने तपासून, आतला ‘सी’ उघडतात. ज्याला हे ठाऊक नसते, तो जागा अडवणारी निरुपयोगी वस्तू म्हणून नेमकी तीच फाइल पुसून टाकतो.