सूट उतरवल्यावर

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फज्रच्या अगोदर अब्बा वुजूसाठी उठले आणि मोरीत घसरून पडले. अम्मीची हाक ऐकून आम्ही दोघे भाऊ धावलो. अब्बांचे वजन जेमतेम ६५ किलो. आणि आम्ही कोण? वीस वर्षे पॉवरलिफ्टिंग करणारे, जिल्ह्याच्या स्पर्धांत पदके घेतलेले. आमच्यातला थोरला, म्हणजे हे लिहिणारा, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. धाकट्याचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. दोघांनीही स्पर्धेत २०० किलोच्या वरचा बार खांद्यावर घेऊन बैठक मारलेली. पण त्या अरुंद, ओल्या मोरीत उकिडवे बसून, अब्बांना काखेत धरून उठायची वेळ आली तेव्हा गुडघे आणि कंबर खालीच अडकून बसली. तिसऱ्या खेपेला कसेबसे त्यांना उभे केले. थोरल्याच्या कमरेत उसण भरली ती आठ दिवस राहिली.

अल्लाहच्या कृपेने अब्बांना मुका मारच लागला होता. चहा पिताना ते हसून म्हणाले, "दो सौ किलो उठाते बोलते, बाप नहीं उठता क्या?" ते थट्टेने बोलले, पण आम्हाला ते लागले.

माणूस उचलणे आणि बार उचलणे यात फरक आहे, हे खरे. माणसाला धरायला मूठ नसते, तो हलतो, त्याला दुखेल ही भीती असते. पण उसण कुठे भरली, गुडघे कुठे अडकले, हे आम्ही विसरू शकलो नाही. अगदी तळाशी. आणि तिथे का, हे आम्हाला चांगले ठाऊक होते. फक्त कबूल करायचे नव्हते.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार असतात. बार खांद्यावर घेऊन बसायचे आणि उठायचे, तो स्क्वॉट. बाकावर उताणे पडून बार छातीला टेकवून वर ढकलायचा, ती बेंच प्रेस. जमिनीवरून बार उचलून ताठ उभे राहायचे, ती डेडलिफ्ट. प्रत्येक प्रकारात तीन संधी, प्रत्येकातले सर्वांत मोठे वजन धरून बेरीज करायची. तीन पंच असतात. त्यांपैकी दोघांनी पांढरा दिवा लावला की वजन मंजूर.

हा खेळ दोन तऱ्हेने खेळला जातो. एक इक्विप्ड, म्हणजे साधने घालून. त्यात स्क्वॉटचा सूट असतो, बेंचचा शर्ट असतो, गुडघ्यांना २ मीटरपर्यंत लांबीच्या पट्ट्या करकचून गुंडाळतात. दुसरी तऱ्हा रॉ, म्हणजे साधी. तिच्यात कमरेचा पट्टा, मनगटाच्या पट्ट्या आणि गुडघ्यावर एक मोजा, एवढेच चालते. आंतरराष्ट्रीय महासंघ १९७२ साली स्थापन झाला. साध्या प्रकाराला तो 'क्लासिक' म्हणतो, आणि त्याची पहिली स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१३ साली रशियातल्या सुझदाल येथे झाली. आम्ही तालमीत शिरलो तेव्हा मात्र आमच्याकडे सूट घातलेलाच खरा लिफ्टर समजला जाई. म्हणून आम्हीही पहिल्या दोन वर्षांतच सूट घेतला.

हा सूट जाड, सहजी न ताणल्या जाणाऱ्या कापडाचा आणि अंगापेक्षा बराच लहान असतो. चढवायला दुसऱ्या माणसाची मदत लागते. वजन घेऊन खाली जाताना तो ताणला जातो आणि वर येताना ढकलतो. त्याची सर्वांत जास्त मदत तळाशी मिळते. जसजसे वर यावे तसतशी ती कमी होते. बेंचच्या शर्टाचेही तसेच. वजन हलके असेल तर शर्ट बारला छातीपर्यंत येऊच देत नाही! म्हणजे शेवटच्या टप्प्याची, हात आणि पाय सरळ करण्याची ताकद आमची रोज वाढत होती. तळातून सुरुवात करण्याचे काम मात्र वर्षानुवर्षे कापड करत होते.

महिनाभराने कंबर बरी झाली, तेव्हा एका रविवारी आम्ही सूट, शर्ट, पट्ट्या सगळे पिशवीत ठेवून नुसत्या बारखाली उभे राहिलो. थोरल्याचा सूटमधला स्क्वॉट २१० किलोचा होता. साधा १४० वर अडला. बेंच १५० वरून १०० वर आली. डेडलिफ्टमध्ये सूटची मदत तशी कमीच, त्यामुळे तिथे दहाच किलोंचा फरक पडला. धाकट्याची बेंच तर ९५ वर थांबली. तालमीतली विशीची पोरे बघत होती. त्यांच्यातला एक जण १०० किलो तीनदा मारून उठला आणि अदबीने म्हणाला, "सर, हात जरा आत घ्या." ज्याला आम्हीच बार धरायला शिकवले होते, तो!

त्या रात्री धाकटा म्हणाला, "भाईजान, सोडून देऊ. लोक काय म्हणतील?" थोरल्याच्या मनातही तेच होते. सकाळी आमच्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "तुमची ताकद कमी झालेली नाही. ती किती आहे ते तुम्हाला आज समजले."

मग वर्षभर आम्ही नवशिक्यासारखा सराव केला. पूर्वी आठवड्यातून एकदा सूट चढवून मोठी वजने मारायचो. आता स्क्वॉट आणि बेंच आठवड्यातून दोनदा, पाच-पाचचे पाच सेट, वजन असे की शेवटचा स्क्वॉटही स्वच्छ निघावा. एका दिवशी बैठकीच्या तळाशी तीन सेकंद थांबायचे आणि मग उठायचे. बेंचमध्येही बार छातीवर थांबवायचा, उसळू द्यायचा नाही. या थांबण्यानेच आम्हाला सर्वांत जास्त शिकवले, कारण तिथे पळवाट नसते. वजन वाढवायचे ते एका वेळी अडीच किलो, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट. ज्या आठवड्यात ते झेपले नाही, त्या आठवड्यात नाही.

एक चूक झाली, ती सांगायला हवी. दुसऱ्याच महिन्यात धाकट्याने जिद्दीने बेंचचे वजन वाढवले आणि छातीच्या स्नायूला खांद्याजवळ ओढ बसली. इतकी वर्षे शर्टाने जपलेला तो भाग ताणाची सवयच विसरला होता. तीन आठवडे बेंच बंद. सूट सोडणाऱ्याने पहिले काही महिने जुने आकडे डोक्यातून काढून टाकावेत. रमजानमध्ये आम्ही वजन वाढवण्याचा हट्ट धरला नाही. इफ्तारनंतर थोडा वेळ हलका सराव केला. जे आहे ते टिकवले, एवढेच.

दीड वर्षाने थोरल्याचा साधा स्क्वॉट १७० किलोवर आला, बेंच ११७.५ वर, डेडलिफ्ट २०५ वर. चाळिशी ओलांडलेल्या माणसासाठी वाईट नाही, अल्हम्दुलिल्लाह. गेल्या हिवाळ्यात धाकट्याने गंमत म्हणून जुना सूट पुन्हा चढवला, तर त्यातही त्याच्या जुन्या विक्रमापेक्षा १५ किलो जास्त निघाले. म्हणजे सूट वाईट नव्हता. सूट घालून खेळणे ही लबाडीही नाही. त्याचे नियम वेगळे, कसब वेगळे. चूक आमची होती. पाया घालायच्या वयात आम्ही त्याच्या आधाराने उभे राहिलो, आणि त्या आधारालाच आपली ताकद समजलो.

वर्गात असे रोज दिसते. फळ्यावरचे पाहून निबंध उतरवणाऱ्या मुलाची वही देखणी असते. फळा पुसून त्यालाच "आता तुझ्या मनाने चार ओळी लिही" म्हटले की पेन थांबते. त्या थांबलेल्या पेनावर आम्ही पूर्वी चिडायचो. आता चिडत नाही. आम्हीही १४० किलोवर तसेच थांबलो होतो. त्याच्या चार वाकड्यातिकड्या ओळी आम्ही हल्ली वर्गात वाचून दाखवतो.

तालमीत येणाऱ्या पोरांना आम्ही एकच सांगतो: पहिली दोन-तीन वर्षे साधे खेळा, तळाशी थांबायला शिका, मग हवा तर सूट घ्या. घरातल्या मोठ्यांनीही मुलगा किती किलो उचलतो एवढेच विचारू नये. नीट खाली बसून नीट उठतो का, तेही पाहावे.

अब्बा आता नमाज खुर्चीवर बसून पढतात. मोरीत आम्ही रबरी चटई टाकली आहे, भिंतीला धरायला दांडा बसवला आहे. तरी पहाटे त्यांना खालच्या पलंगावरून उठवायला आमच्यापैकी एक जण असतोच. गुडघे वाकवायचे, कंबर सरळ, त्यांचे हात गळ्याभोवती, आणि तळातून सावकाश वर. कंबर कुरकुरत नाही. परवा उठवताना जरा घाई झाली तर ते म्हणाले, "आहिस्ता रे! छत को लगाता क्या?"