दादाचं दुकान आणि ६० दिवस

शुक्रवारी रात्री साडेदहाला दादाचा फोन आला तेव्हाच मनात पाल चुकचुकली. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. न्यू जर्सीत एडिसनला एका सँडविच चेनची फ्रँचायझी चालवतो. ‘‘अगं, कंपनीचं पत्र आलंय. ३० दिवसांत करार संपवतायत. कारण काहीच दिलं नाहीये.’’

दुकानात दोघा नवरा-बायकोची सगळी बचत, वर बँकेचं कर्ज. शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे थडकले. वहिनीने पोहे पुढे ठेवले, दादाने करार. चांगला जाडजूड.

‘‘सही करताना वाचला होतास का रे?’’

‘‘पहिली चार पानं.’’

हसू नका. तुम्ही-आम्ही तरी काय करतो?

करारात साफ लिहिलं होतं : कंपनी कारण न देता ३० दिवसांच्या नोटिशीवर करार मोडू शकते. भांडायचं असेल तर कंपनीच्या राज्यातल्या कोर्टात या. ‘‘सही केलीय ना, मग संपलं,’’ दादा म्हणाला.

सोमवारी वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘दुकान कुठे आहे?’’ एडिसन म्हटल्यावर त्या चक्क हसल्या. न्यू जर्सीत १९७१ पासून फ्रँचायझी प्रॅक्टिसेस अ‍ॅक्ट आहे. करार मोडायचा तर किमान ६० दिवस आधी, सगळी कारणं लिहून नोटीस द्यावी लागते. आणि कारण एकच चालतं : दुकानदाराने करारातल्या अटी नीट पाळल्या नाहीत. करारात काहीही छापलेलं असो! केस जिंकलात तर वकिलाची फीसुद्धा कंपनीकडून. दूरच्या कोर्टाच्या अटीलाही तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये चाप लावलाय. मात्र दुकान राज्यात हवं, वर्षाची विक्री ३५ हजार डॉलर्सच्या वर हवी आणि २० टक्क्यांहून जास्त धंदा त्या फ्रँचायझीतून हवा. दादा तिन्हींत बसत होता.

गंमत पुढेच आहे. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात, की सगळ्या धंद्यांना लागू होणारा असा कायदाच नाही. सहीच्या किमान १४ दिवस आधी कंपनीने सगळी माहिती द्यायची, हा केंद्राचा नियम अमेरिकाभर आहे. पण सहीनंतर पाठीशी कोण, हे राज्यावर ठरतं. तोच बोर्ड, तेच सँडविच, नशीब वेगळं.

वकीलबाईंचं पत्र गेलं. कंपनीने ३० दिवसांची नोटीस मागे घेतली, आता नव्याने बोलणी चालू आहेत. दुकान वाचेलच असं नाही. पण निदान ‘का?’ असं विचारायचा हक्क दादाला आहे.

परवा पुण्याच्या मैत्रिणीचा मेल आला. कॉफी शॉपची फ्रँचायझी घेतेय, जाम एक्साइट झालीय. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. आधार मुख्यतः १८७२ च्या करार कायद्याचा, म्हणजे पुन्हा करारात काय लिहिलंय त्याचाच. मी तिला एकच ओळ पाठवली : ‘‘मशीन कुठलं घेतेयस ते नंतर सांग, करार कसा मोडतो ते पान आधी पाठव.’’