हात घालण्यापूर्वी

आमच्या ढोकीपासून समुद्र फार लांब. आमच्याकडे पाण्याचा मोठ्यात मोठा विस्तार म्हणजे तेरणेचं धरण. तेही ज्या वर्षी भरेल त्या वर्षी. त्यामुळं समुद्राशी आपला संबंध फार तर मिठाच्या बरणीपुरता, अशी माझी समजूत होती. गेल्या भाऊबीजेला ती समजूत गेली. आणि तिच्याबरोबर माझी आणखी एक जुनी समजूत गेली. ती हातासंबंधीची होती.

आम्ही हातानं जगणारी माणसं. जोंधळा मुठीत घेतल्यावर कळतो, बैल पाठीवर हात फिरवल्यावर कळतो, पीठ कालवताना पाणी किती लागेल हे आईचा हात सांगतो. हातात मोजे घालून काम करणारा माणूस म्हणजे कामाची किळस येणारा माणूस, असंच मी मानत आलो होतो. शाळेत खडूनं माखलेल्या हाताचासुद्धा मला थोडा अभिमानच वाटतो.

भाऊबीजेला पुण्याला अक्काकडे गेलो. सकाळी तिनं तेल-उटणं लावून न्हाऊ घातलं, आणि मी चहाचा पेला घेऊन बैठकीत येतो तो काय! भिंतीलगत चार फुटांची काचेची पेटी, आणि तिच्यात चक्क समुद्र. भाच्याचा हा उद्योग मी ऐकून होतो. पाहत होतो पहिल्यांदाच. खडकावर हिरवी, नारिंगी, जांभळी बटणं शिवावीत तसे प्राणी चिकटलेले. प्रत्येक बटणाभोवती बारीक झालर, आणि सगळ्या झालरी एका लयीत हलत होत्या.

"हे पाणी आणलंस कुठून?" मी विचारलं.

"नळाचंच, मामा. गाळून शुद्ध करतो आणि मीठ घालतो. शंभर लिटरला साधारण साडेतीन किलो."

स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे बरं का; समुद्रातले इतर क्षारही त्यात असतात. गोड्या पाण्यासाठी ज्यांनी टँकरची वाट पाहिली आहे, त्यांच्यातलाच एक पोरगा गोडं पाणी मुद्दाम खारट करत बसला आहे, हे पाहून मला हसू आलं.

तेवढ्यात एक खडा घरंगळून खाली पडला. मी शिक्षक माणूस; पडलेली वस्तू जागेवर ठेवल्याशिवाय मला राहवत नाही. बाही वर केली आणि हात पाण्यात घालणार, तोच भाचा ओरडला, "मामा, हात नको!"

सणाच्या दिवशी, वडीलधाऱ्या माणसावर! मला ते लागलं. माझा चेहरा पाहून तो वरमला. मग काही न बोलता त्यानं आपला उजवा हात माझ्यापुढं धरला. तर्जनीवर आणि मनगटाच्या वर जुन्या जखमांचे जांभळट वण होते.

हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी पेटीतला खडक हलवताना त्याचं बोट खरचटलं. एवढंसं खरचटणं कोण लक्षात ठेवतो? तीन आठवड्यांनी तिथं एक गाठ आली, मग तिच्या वर दुसरी, मग मनगटावर तिसरी. कुणी काटा मोडला म्हणालं, कुणी संधिवात म्हणालं. मलमं झाली, गोळ्या झाल्या. महिने गेले. एका डॉक्टरांनी क्षयाच्या जातीचं काहीतरी दिसतं म्हटलं, तेव्हा अक्कानं हाय खाल्ली. पोराचं लग्न ठरायचं होतं. तिनं कुणालाही, मलासुद्धा, कळू दिलं नाही. पाठच्या भावापासून तिनं हे वर्षभर लपवलं, याचं मला त्या दुखण्याहून अधिक वाईट वाटलं.

शेवटी एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाळ, तू हात कशाकशात घालतोस?" एवढा एक प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता, आणि यानंही आपण होऊन सांगितलं नव्हतं.

त्या जंतूचं नाव मायकोबॅक्टेरियम मरीनम. १९२६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या माशांमधून तो वेगळा काढला गेला. क्षयाच्या आणि कुष्ठाच्या जंतूंचा हा चुलतभाऊ. पण तो माणसाकडून माणसाला लागत नाही. त्याला थंडावा आवडतो. ३० अंशांच्या आसपास तो सुखानं वाढतो, शरीराच्या ३७ अंशांवर त्याचं जमत नाही. म्हणून तो बहुधा हातापायांच्या कातडीतच ठाण मांडतो. आणि म्हणूनच प्रयोगशाळेत नेहमीच्या उबेला ठेवलेल्या नमुन्यात तो सापडत नाही. पेटीची गोष्ट डॉक्टरांना सांगितली, तरच तपासणी योग्य उष्णतेवर होते. भाच्याला कित्येक महिने औषध घ्यावं लागलं. आता बोट बरं आहे. मूठ मात्र पुरती वळत नाही.

"आणि ही बटणं?" मी जरा मागं सरकून विचारलं.

ती बटणं म्हणजे पोवळ्यांचे भाऊबंद. दगडी पोवळी समुद्रातून काढायला आपल्याकडे वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, म्हणून तो या मऊ जातींवरच समाधान मानतो. आपल्या कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही ओहोटीला असले प्राणी दिसतात. त्यांच्यातल्या काही जातींत एक भयंकर विष असतं. सगळ्यांत नसतं, पण नुसतं पाहून ते ओळखता येत नाही. हवाई बेटांवरचे लोक पूर्वी ते भाल्याच्या टोकाला लावत, अशी तिकडची दंतकथा आहे. १९७१ मध्ये तिथल्याच शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढून दाखवलं. पॅलिटॉक्सिन त्याचं नाव. जखमेतून ते अंगात शिरतं, डोळ्यात उडालं तर डोळा धोक्यात येतो. आणि ते उकळून मरत नाही. खडक स्वच्छ करायला त्यावर कढत पाणी ओतल्यामुळं, उडालेल्या वाफेनं घरातली सगळी माणसं आजारी पडल्याची उदाहरणं परदेशात घडली आहेत.

मग त्यानं मला कोपरापर्यंत येणारे हिरवे हातमोजे दिले, आणि डोळ्यांना चष्माही. "काटेरी प्राण्यांपुढं हेही पुरे पडत नाहीत," तो म्हणाला, "आणि हाताला जखम असेल त्या दिवशी मोजे घालूनही हात घालायचा नाही." मोज्यातून खडा हाताला लागला, पण कळला नाही, चवीशिवाय जेवल्यासारखं वाटलं.

"हे सगळं माझ्यासाठी," मी म्हटलं, "तुझ्या माशांना काय त्याचं?"

तो हसला. "मामा, तुमच्या हाताला आईनं चोळलेलं तेल आहे, उटणं आहे. ते पाण्यात उतरलं असतं. या बिचाऱ्यांना खडक सोडून पळता येत नाही."

मी आपल्या हाताकडे पाहत राहिलो. अक्कानं प्रेमानं लावलेलं तेलही कुणाला तरी घातक ठरू शकतं, हे कधी मनातच आलं नव्हतं.

परतीच्या प्रवासात तेर आठवलं. ते आमच्या शेजारचंच गाव, गोरोबाकाकांचं. काकांनी शपथेपायी आपले हात तोडून घेतले आणि कीर्तनात ते परत फुटले, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. विठ्ठलानं ती सोय काकांसाठी केली. इतरांसाठी केल्याचं ऐकिवात नाही.

आमचा धाकटा सोयाबीनवर फवारणी करतो. बादलीतलं औषध तो काठीनं ढवळतो, आणि काठी सापडली नाही तर हातानं. २०१७ साली यवतमाळकडे फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा मीच त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं. वाचून दाखवलं आणि घडी घालून ठेवून दिलं. शिक्षकाला वाटतं, वाचून दाखवलं की काम झालं.

या खेपेला मी पुण्याहून हातमोज्यांचे दोन जोड घेऊन आलो. धाकटा हसला. "दादा, इतकी वर्षं मोकळ्या हातानं कालवतोय. काय झालंय मला?"

मी त्याला पुतण्याच्या... चुकलो, भाच्याच्या बोटाची गोष्ट सांगितली. अक्कानं लपवलेलं वर्षही सांगितलं. तो काही बोलला नाही. आईनं मात्र मोजे उचलून त्याच्या फवारणीच्या पंपाला बांधून ठेवले.

पुढच्या आठवड्यात शाळेतून येताना अंगणातल्या तारेवर पाहिलं. धाकट्याच्या सदऱ्याशेजारी दोन हिरवे पंजे, बोटं खाली करून, वाळत घातले होते.