कोलाड नाक्यावरचा वायटूके

1999च्या डिसेंबरात कोलाड नाक्यावर चहाला थांबलं की वायटूकेशिवाय, म्हणजे 2000 साल लागताच संगणक गोंधळतील या भीतीशिवाय, दुसरा विषय नसे. मी तेव्हा धाटावच्या एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात संगणक सांभाळायचो, त्यामुळे प्रश्न माझ्याकडेच यायचे.

"31च्या रात्री बाराला लाईट जाणार म्हणतात, खरं का?" एकाने विचारलं.

टपरीवाले काका मध्येच म्हणाले, "काल दुपारी गेली ती काय बारा वाजायची वाट बघत होती?"

सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलेल्या एकाला मात्र आशा होती. संगणकात 1900 साल लागलं तर कर्ज घेणारा जन्मलेलाच नसेल ना! बाकावरचे आजोबा म्हणाले, "तू नसशील रे, पण तुझा आजा असेल. त्याच्याकडून वसूल करतील."

त्या हसण्यात भीती होती आणि चौकसपणाही. जुन्या प्रोग्रामांत जागा वाचवायला साल दोनच आकडी लिहीत; 99नंतर 00 आलं की व्याज, मुदत, वय सगळं उलटं मोजलं जाणार, एवढं मी सांगायचो. लगेच पुढचा प्रश्न यायचा, भिऱ्याच्या वीजघराचं काय? "ते 1927चं आहे. मुळशीचं पाणी वरून येतंय तोवर फिरणार," आजोबांचा निकाल. घाबरलोय असं उघड म्हणायला संकोचणारी माणसं थट्टेतून नेमकं विचारत होती, याचं मला आजही कौतुक वाटतं.

कारखान्यात आम्ही तारखा पुढे ढकलून बॅचच्या आणि साठ्याच्या नोंदी पुन्हापुन्हा तपासल्या होत्या. कोबोल ही जुनी संगणकभाषा शिकून याच कामासाठी अमेरिकेला गेलेली कितीतरी मराठी मुलं तिकडे तेच करत होती. म्हणून "काहीच झालं नाही, नुसता बागुलबुवा" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. काही झालं नाही, कारण माणसं महिनोन्महिने राबली.

31ला शुक्रवार होता. कंदाहारला अपहृत विमानातले ओलीस सुटल्याची बातमी आली, न्यूझीलंडमध्ये बारा वाजून गेल्यावरही दिवे चालू असल्याचीही. मी रात्रपाळीला होतो. बारानंतरच्या पहिल्या नोंदीवर 01-01-2000 उमटलं आणि शिफ्टमधल्या सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले.

पण काम संपलं नव्हतं. शंभराने भाग जाणारं वर्ष लीप नसतं, मात्र चारशेने भाग जात असेल तर असतं. 1900ला 29 फेब्रुवारी नव्हती, 2000ला होती. नियमाचा हा दुसरा भाग विसरलेले प्रोग्रामही होते, म्हणून त्या मंगळवारी आम्ही पुन्हा सगळ्या नोंदी तपासायला बसलो.