हौसेला मोल नसतं, पण बोलीला असतं

मैत्रिणींनो, भाव करायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. दारावर बोहारीण आली की दोन जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं कसं सोडवायचं, भाजीवालीने चाळीस म्हटलं की आपण किती म्हणायचं, हे सगळं अंगातच असतं. भाव करताना समोर एकच माणूस असतो, विकणारा. आकडा खाली आला की आपण जिंकलो.

लिलावात सगळं उलटं. तिथे विकणारा गप्प बसून असतो, चुरस लागते ती दोन घेणाऱ्यांत. आकडा वर गेला की म्हणतात, "अभिनंदन, तुम्ही जिंकलात!" जिंकलात म्हणजे काय? तर त्या वस्तूचे जेवढे पैसे दुसऱ्या कुणालाही द्यावेसे वाटले नाहीत, तेवढे तुम्ही दिलेत!

हा विचार डोक्यात आला तो माझ्या माहेरच्या सायकलीमुळे. माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. मध्ये एरंडोल, पारोळा. एसटीत बसलं की दुपारच्या चहाला माहेरी. आमचे नाना धुळ्याला शाळामास्तर. नोकरी लागल्यावर त्यांनी जुनीच, पण इंग्लंडात बनलेली रॅले सायकल घेतली. काळी, सळीच्या ब्रेकची आणि मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गियरचा हब. नगरपालिकेचा पितळी बिल्ला तिला कितीतरी वर्षं लटकत होता. आम्हा तिघा भावंडांना नानांनी तिच्याच दांडीवर बसवून शाळेत नेलं. नाना गेले आणि सायकल माळ्यावर गेली. दादा निवृत्त झाला तशी त्याने ती खाली काढली. म्हणाला, "नानांची होती तश्शी करून दाखवतो."

हौस चांगलीच. त्या सायकलीवरून हात फिरवताना आईच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. पण रॅलेचं एक दुखणं असतं. इंग्लंडच्या नॉटिंगहॅममधल्या ह्या कंपनीने कित्येक वर्षं आपले आटे वेगळे ठेवले. इतर सायकलींना इंचाला २४ आटे, तर हिच्या चिमट्याच्या आणि पायडलच्या आसाच्या वाट्यांना २६. दुकानातली साधी वाटी हिला बसतच नाही. त्यामुळे जुने भाग शोधायचे, आणि आजकाल शोधायचे म्हणजे मोबाइलवर, परदेशातल्या लिलावात.

दादाला गियरचा हब हवा होता. त्याने मनाशी तीन हजार धरले होते. पुढचं मला वहिनींनी फोनवर सांगितलं. रात्री साडेअकराला लिलाव संपायचा होता. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा आकडा अठ्ठावीसशेवर होता. मग पलीकडे कुणीतरी बोली वाढवली. दादाने वाढवली. त्याने पुन्हा वाढवली. "कोण आहे हा? माझ्या हातची वस्तू पळवतो!" असं दादा मोठ्याने म्हणाला म्हणे. चार हजार, पाच, सहा... शेवटी सात हजार दोनशेला दादा जिंकला. टपालखर्च सव्वीसशे. वर कस्टमची ड्युटी. पार्सल घरात येईस्तोवर अकरा हजारांच्या वर गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

आई एवढंच म्हणाली, "लोखंडले इतला पैसा?"

वहिनी काहीच बोलल्या नाहीत. पण त्या महिन्यात त्यांच्या दाढेचं काम करायचं ठरलं होतं, त्यासाठी पैसे बाजूला काढले होते. ते काम पुढे गेलं, मग आणखी पुढे गेलं. दिवाळीला मी धुळ्याला गेले तेव्हा पाहिलं, वहिनी भाकरी एकाच बाजूने चावत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "सवय झाली आता." मैत्रिणींनो, असल्या सवयी आपल्याला फार लवकर होतात, नाही का?

आता त्या हबचं ऐका. आग्रा रोडकडच्या एका जुन्या मिस्त्रींनी तो हातात घेतला. त्या हबवर बनल्याचं साल ठोकलेलं असतं. विकणाऱ्याने 'पन्नास सालच्या सुमाराचा' म्हणून लिहिलं होतं, अंगावर मात्र ७२ चा आकडा. मग त्यांनी नानांचा मूळ हब उघडला. आत चिकट झालेलं तेल, झिजलेले दोन लहान दाते आणि थकलेल्या स्प्रिंगा. म्हणाले, "मास्तरांचा हब मेलेला नव्हताच, झोपला होता." स्टर्मी-आर्चर २००० साली तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेली, पण जुन्या हबला चालणारे आतले कित्येक लहान भाग आजही नवे मिळतात. जे काम काहीशे रुपयांत होणारं होतं, त्याला अकरा हजार लागले.

दादाला वेड्यात काढायला मी हे लिहीत नाही. शहाणी माणसंही इथे फसतात. अमेरिकेत मॅक्स बेझरमन आणि विल्यम सॅम्युएलसन यांनी बोस्टनच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला, तो १९८३ साली प्रसिद्ध झाला. नाणी वगैरे भरलेल्या बरण्या त्यांनी लिलावात काढल्या. प्रत्येक बरणीत ८ डॉलरचा ऐवज. विद्यार्थ्यांचा अंदाज सरासरी ५ डॉलर १३ सेंट, म्हणजे खऱ्यापेक्षा कमीच. तरीही जिंकणारी बोली सरासरी १० डॉलर १ सेंट! असं का? कारण बरणी सरासरी माणसाला मिळत नाही. ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त चढा, त्याच्याच पदरात ती पडते. ह्याला 'विजेत्याचा शाप' असंच नाव आहे.

बरणीचा अंदाज निदान डोळ्यांनी घेता येतो. नानांच्या सायकलीचा कसा घेणार? तिथे लोखंडाची किंमत आणि आठवणीची किंमत एकमेकांत मिसळते. त्यात पलीकडे माणूस दिसत नाही. घड्याळ मात्र दिसतं, आणि वस्तू 'माझी' वाटायला लागते.

ह्यावर तोड काढली ती वहिनींनी, आणि तीही कुठल्या पुस्तकातून नव्हे, तर भिशीतून. त्यांच्या गल्लीत वीस जणींची बोलीची भिशी चालते. हजार-हजार रुपये, महिन्याला वीस हजार. ज्या बाईला आधी हवे ती म्हणते, "मी अठरात घेते," दुसरी म्हणते, "मी सतरात." उरलेले सगळ्यांत वाटून जातात. वहिनी म्हणाल्या, "जिला गरज आहे तिने घरून आकडा ठरवून यावं. तिथे बसून ठरवला की तेरा हजारांत घेऊन रडत जाते. किती जणी पाहिल्या मी!"

म्हणून कातडी सीटच्या वेळी त्यांनी दादाला आकडा विचारला, टपाल आणि ड्युटी धरून. तो कागदावर लिहून घेतला आणि कागद मिसळणाच्या डब्यात ठेवला. बहुतेक लिलावांत आपला जास्तीत जास्त आकडा एकदाच सांगून ठेवता येतो. मग यंत्र आपल्या वतीने दुसऱ्याच्या बोलीपेक्षा फक्त एक पायरी वर जात राहतं, उगाच सगळे पैसे घेत नाही. विल्यम विकरी ह्या अर्थशास्त्रज्ञाने जवळपास हाच विचार १९६१ साली मांडला होता आणि १९९६ साली त्याला नोबेल मिळालं. दादाने आकडा टाकला आणि झोपला. सकाळी कळलं, सीट दुसऱ्याने नेली. दोन दिवस तोंड पाडून होता. तीन महिन्यांनी तशीच दुसरी सीट निघाली, ती ठरलेल्या आकड्याच्या आतच मिळाली. 'पुन्हा मिळणार नाही' असं वाटणाऱ्या बऱ्याच वस्तू पुन्हा मिळतात, थोडा धीर लागतो.

तुमच्या घरीही कुणाला जुन्या सायकलीची, रेडिओची, घड्याळाची हौस असेल. हौसेला हसू नका. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं अख्खं संग्रहालय उभं केलंय. मुलांना घेऊन जरूर जा. पण पैसे घरातून जाणार असतील तर चार गोष्टी आपणही पाहाव्यात. आधी मूळ वस्तू गावातल्या जाणत्या मिस्त्रीला दाखवावी. दुरुस्त होणारी वस्तू बदलायची कशाला? विकणारा किती मागतो ते पाहू नये, तशी वस्तू खरोखर कितीला विकली गेली ते पाहावं. बहुतेक ठिकाणी ते दिसतं. विकणाऱ्याला पत्र लिहून आटे, माप, ठोकलेलं साल यांचे जवळून काढलेले फोटो मागावेत. न देणाऱ्याला नमस्कार करावा. आणि पलीकडची बोली विकणाऱ्याच्याच माणसाची असू शकते, हेही ध्यानात ठेवावं. धान्याच्या आडतीत काय अन् मोबाइलवर काय, ही खोड जुनीच आहे.

वहिनींची दाढ ह्या संक्रांतीला झाली. त्यासाठी दादाने ७२ चा तो हब विकायला काढला. लिलावातच! किती आले? निम्मेसुद्धा नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी घरात कुणी रात्री म्हणालं, "थांब गं, फक्त दहा मिनिटं राहिलीत," तर भांडू नका, एवढंच विचारा, "तुमचा आकडा किती ठरला होता?" उत्तर पटकन आलं तर ठीक. नाही आलं, तर मोबाइल हातातून काढून घ्या आणि म्हणावं, उठा, दोघांसाठी चहा ठेवा. चहा होईस्तोवर लिलाव संपलेला असतो.